पोलिसांनी चालवलेली भूमिगत चळवळ

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज मला दिलेला विषय दूरच्या देशातला आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध एक भूमिगत चळवळ चालली. तिच्यात गुप्त पोलिसांनी शिरकाव कसा केला, हे आपण पाहणार आहोत. पोलिश नावे आपल्या जिभेवर सहज बसत नाहीत, म्हणून मी मोजकीच नावे घेणार आहे. त्यातली दोन-तीन पुन्हा येतील, तेवढी लक्षात ठेवा. एक वूकाश चेप्लीन्स्की, दुसरा स्टेफान शेन्को आणि तिसरा हेन्रिक वेन्द्रोव्स्की.

फितुरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. किल्ला आहे, वेढा पडला आहे आणि आतला एक माणूस रात्री दरवाजाचा अडसर काढतो. बखरींपासून नाटकांपर्यंत आपण हेच पाहत आलो. पोलंडमध्येही असे दरवाजे उघडणारे निघाले. पण तिथे आणखी एक गोष्ट घडली, आणि मला तुम्हाला मुख्यतः तीच सांगायची आहे. पोलिसांनी स्वतःच एक किल्ला बांधला, त्यावर बंडखोरांचे निशाण लावले आणि बंडखोरांना आत बोलावले. हा कारभार जवळजवळ पाच वर्षे चालला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन असे दोघेही चालून आले. पूर्व भागातल्या लाखो लोकांना रशियाने उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यांतलेच काही हजार लोक इराणमार्गे आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाचएक हजार पोलिश माणसांची, मुख्यतः बायका-मुलांची, वसाहत होती. छावणी मिटली तेव्हा यांतले बरेच जण पोलंडला परत न जाता इंग्लंडला, आफ्रिकेला, मिळेल त्या देशात गेले. त्यांचे गाव आता सोव्हिएत हद्दीत गेले होते, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे पोलंडमध्ये त्या वेळी काय चालले आहे याच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या. त्या बातम्या काय होत्या, तेच आता पाहू.

जर्मनांविरुद्ध लढलेली पोलंडची भूमिगत फौज म्हणजे 'गृहसेना'. युरोपातल्या सर्वांत मोठ्या भूमिगत सेनांपैकी ती एक. लाल सेना पोलंडमध्ये शिरली तेव्हा या सेनेचे काय करायचे हा प्रश्न मॉस्कोपुढे होता. १९ जानेवारी १९४५ ला सेनाप्रमुख जनरल ओकुलित्स्की यांनी स्वतःच सेना विसर्जित केली. दोन महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस, सोव्हिएत अधिकाऱ्यांनी भूमिगत नेत्यांना वाटाघाटीसाठी वॉर्साजवळच्या प्रुश्कूव या गावी बोलावले. सुरक्षिततेची हमी दिली. नेते गेले, त्यांना अटक करून मॉस्कोला नेले आणि जूनमध्ये तिथे सोळा जणांवर खटला भरला. ओकुलित्स्कींना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ च्या डिसेंबरमध्ये ते मॉस्कोच्या तुरुंगातच वारले.

हा प्रसंग सांगितला, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचे बी यात आहे. समोरचा माणूस शब्दाला जागतो, या समजुतीचा इथे हत्यार म्हणून वापर झाला.

सेना संपली, पण लोक होते, आणि त्यांच्या एकमेकांशी ओळखी होत्या. २ सप्टेंबर १९४५ ला वॉर्सात एक नवी संघटना स्थापन झाली. तिचे नाव 'स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व'. पोलिश आद्याक्षरांवरून तिला 'विन' म्हणत. मीही 'विन'च म्हणेन. जंगलातली लढाई थांबवावी, लोकांना राजकीय दृष्टीने जागे ठेवावे, निवडणुकीची वाट पाहावी, देशात काय चालले आहे ते बाहेर कळवावे, असा तिचा मूळ हेतू. प्रत्यक्षात तिच्या काही भागांत हत्यारबंद टोळ्या राहिल्याच, कारण हत्यार खाली ठेवणाऱ्याला जगू देतील याची खात्री नव्हती.

समोर होते सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय. मंत्री स्तानिस्वाव राद्क्येविच. जिल्ह्या-जिल्ह्यात त्याची कार्यालये, आणि त्यांना लोक 'ऊबे' म्हणत. सोव्हिएत सल्लागार शेजारच्या खुर्चीत बसलेले. हे खाते वाढत वाढत १९५३ पर्यंत तीस हजारांहून अधिक नोकरांचे झाले आणि त्याच्या खबऱ्यांची संख्या ८५ हजारांच्या आसपास गेली.

खबऱ्या कसा तयार करत? ऊबेच्या कागदांत याचे तीन प्रकार दिलेले आहेत. पहिला, देशप्रेमाच्या भावनेवर. म्हणजे त्या माणसाला खरोखरच पटवून द्यायचे की हे देशासाठी आहे. दुसरा, अडचणीत आणणाऱ्या माहितीवर. तिसरा, पैशावर. कागदावर हे तीन स्वच्छ रकाने दिसतात. पण ज्याला रात्री उचलून आणले आहे, ज्याच्या बायकोला शेजारच्या खोलीत बसवले आहे, तो कोणत्या रकान्यात बसतो? मारहाणीचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

त्यांची आणखी एक साधी पद्धत होती. तिला पोलिश भाषेत 'कोत्स्यॉव' म्हणतात, म्हणजे मोठे पातेले किंवा कढई. एका घरावर छापा घालायचा, घरातल्यांना बाहेर पडू द्यायचे नाही, पोलिसांनी आतच बसून राहायचे. मग जो कोणी दार वाजवेल त्याला आत घ्यायचे. दूधवाला आला, घ्या आत. मावशी आली, घ्या आत. तीन-चार दिवसांत कढई भरते. त्यात एखादा निरोप्या सापडला की त्याच्याकडून पुढचे घर कळते.

'विन'चे चार अध्यक्ष झाले. पहिले कर्नल यान झेपेत्स्की नोव्हेंबर १९४५ ला पकडले गेले. दुसरे ऑक्टोबर १९४६ ला, तिसरे जानेवारी १९४७ ला, चौथे नोव्हेंबर १९४७ ला. दोन वर्षांत चार नेतृत्वे गेली.

झेपेत्स्कींची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. भूमिगत काम आता निष्फळ आहे, त्यात तरुण पोरे फुकट मरतील, असे त्यांचे मत होते. कोठडीत असताना त्यांच्याशी बोलणी झाली. उघड होणाऱ्यांवर कारवाई होणार नाही, असे त्यांना सांगितले गेले. मग त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना उघड होण्याचे आवाहन केले आणि ठावठिकाणे, निधी पोलिसांच्या स्वाधीन केले. भित्रेपणाने त्यांनी हे केले असे मला वाटत नाही. सैनिकी अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दावर ठेवलेला तो विश्वास होता. १९४७ च्या फेब्रुवारीत त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. १९४९ ला पुन्हा अटक.

त्याच फेब्रुवारीत सरकारने सार्वत्रिक माफी जाहीर केली. ५३ हजारांहून अधिक लोक जंगलातून, तळघरातून, खोट्या नावांतून बाहेर आले आणि त्यांनी आपली नोंद केली. कोणत्या तुकडीत होता, टोपणनाव काय, हत्यार कुठे ठेवले, हे सगळे फॉर्ममध्ये लिहून घेतले जाई. बहुतेकांना शांतपणे जगायचे होते. पण त्या नोंदी सुरक्षा खात्याच्या कपाटात राहिल्या आणि पुढच्या अनेक अटका त्याच कपाटातून निघाल्या.

आता वेन्द्रोव्स्कीकडे येतो. हा माणूस जर्मन काळात ब्याविस्तोक भागात गृहसेनेतच होता. म्हणजे भाषा, सवयी, परवलीचे शब्द, एकमेकांना हाक मारण्याची पद्धत, सगळे त्याच्या अंगात मुरलेले. पुढे तो ऊबेचा अधिकारी झाला.

दक्षिणेला बेस्किडी डोंगरात हेन्रिक फ्लामे या माजी वैमानिकाची तुकडी होती. तीनशेहून अधिक माणसे. ३ मे १९४६ ला, पोलंडच्या जुन्या संविधानाच्या दिवशी, या तुकडीने विस्वा नावाच्या गावात गणवेश घालून भरदिवसा संचलन केले. सरकारच्या नाकावर टिच्चून. त्या उन्हाळ्यात फ्लामेकडे भूमिगत वरिष्ठांकडून आल्यासारखा एक कॅप्टन आला. टोपणनाव 'लाविना', म्हणजे हिमकडा. निरोप असा की तुकडीने टप्प्याटप्प्याने पश्चिमेला निघून जावे. ट्रक येतील, कागदपत्रे मिळतील, सीमेपलीकडे पोलिश सेनेचे लोक भेटतील. तो कॅप्टन म्हणजे वेन्द्रोव्स्की.

सप्टेंबर १९४६ मध्ये तीन खेपांत माणसे ट्रकमध्ये बसली. ओपोल्ये भागात रात्रीच्या मुक्कामासाठी रिकाम्या इमारती तयार ठेवल्या होत्या. जेवण दिले, दारू दिली. रात्री त्यांना ठार केले. काही ठिकाणी माणसे झोपली होती ती इमारतच उडवली गेली, अशा साक्षी आहेत. मेलेल्यांचा नक्की आकडा सांगणे कठीण आहे. संशोधकांचे अंदाज नव्वदच्या आसपास सुरू होतात आणि दोनशेपर्यंत जातात. गावाकडच्या आया बराच काळ समजत राहिल्या की पोरगा पश्चिमेला पोहोचला असेल, पत्र टाकणे धोक्याचे म्हणून टाकत नसेल. फ्लामे स्वतः त्या खेपांत नव्हता. १९४७ च्या माफीत तो उघड झाला आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला एका खानावळीत एका पोलीस शिपायाने त्याला गोळी घातली. वेन्द्रोव्स्की पुढे डेन्मार्कमध्ये पोलंडचा राजदूत झाला.

हीच युक्ती पुन्हा वापरली गेली. लुब्लिन भागातला 'विन'चा सेनानी हिएरोनिम देकुतोव्स्की, टोपणनाव 'झापोरा', आपल्या साथीदारांसह देशाबाहेर निघाला. सप्टेंबर १९४७ मध्ये निसा या गावात, जिथून पुढे नेणारा माणूस भेटणार होता, तिथेच एकेक करून सगळे पकडले गेले. मार्च १९४९ मध्ये त्याला मृत्युदंड दिला.

आता मुख्य गोष्ट.

'विन'चा चौथा अध्यक्ष वूकाश चेप्लीन्स्की. १९३९ च्या लढाईत त्याने जर्मन रणगाडे फोडले होते, मग झेशूव भागात गृहसेनेचे काम केले. २७-२८ नोव्हेंबर १९४७ च्या रात्रीच्या सुमारास तो झाब्झे या शहरात पकडला गेला. त्याच्यापाठोपाठ त्याचे जवळजवळ सगळे सहकारी गेले. संघटना म्हणून 'विन' तिथेच संपले. पोलिसांनी पत्रकार परिषद घ्यावी, विजय जाहीर करावा, अशी ही वेळ.

त्यांनी तसे केले नाही. संपलेली संघटना चालू ठेवायचे त्यांनी ठरवले.

स्टेफान शेन्को हा 'विन'चाच एक कार्यकर्ता. अटकसत्रात तो ऊबेच्या हाती लागला आणि त्यांच्यासाठी काम करू लागला. त्याला पुढे करून 'विन'चे 'पाचवे नेतृत्व' उभे केले गेले. बाहेरच्या जगाला कळवले: अटका झाल्या, पण आम्ही वाचलो, काम चालू आहे, नवे मंडळ बसले आहे. या सगळ्या कारवाईला ऊबेने नाव दिले होते 'त्सेझारी'.

हे बाहेरचे जग म्हणजे कोण? लंडनला आणि पश्चिम जर्मनीत 'विन'चे परदेशातले प्रतिनिधी होते. त्यांचा प्रमुख युझेफ माचोवेक. हे लोक प्रामाणिक होते. देशातून निरोप आला, अक्षर ओळखीचे, परवलीचे शब्द बरोबर, ज्यांची नावे येतात ती माणसे खरी. मग शंका का घ्यावी? ते हे निरोप ब्रिटिश आणि पुढे अमेरिकन गुप्तहेर खात्याकडे नेत. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. युरोपातही युद्ध होणार, या समजुतीने अमेरिकेला पडद्याआडच्या देशांत आपली माणसे हवी होती. त्यांना जे हवे होते ते वॉर्सातून मागणीबरहुकूम येऊ लागले.

पैसे गेले. वायरलेस यंत्रे गेली. निरोपे गेले. युद्ध सुरू झाल्यास पोलंडमधले रेल्वेमार्ग उडवून सोव्हिएत फौजांची वाट रोखायची, अशी एक योजनाही आखली गेली. तिचे नाव 'वुल्कान', म्हणजे ज्वालामुखी. कागदावर या संघटनेचे हजारो सभासद होते. अमेरिकेकडून गेलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात होती, असे नंतर सांगितले गेले. ही सगळी रक्कम ज्या तिजोरीत जमा होत होती, त्याच तिजोरीतून चौकशी अधिकाऱ्यांचे पगार निघत असावेत, असा एक विचार माझ्या मनात येतो. त्याला पुरावा नाही, ती माझी टिप्पणी समजा.

मित्रांनो, दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये चेप्लीन्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांवर वॉर्सात खटला चालला. १ मार्च १९५१ ला मोकोतूव तुरुंगात त्याला आणि त्याच्या सहा साथीदारांना थोड्या थोड्या अंतराने एकेक करून नेले आणि मानेत गोळी घालून मारले. चेप्लीन्स्की ३७ वर्षांचा होता. कोठडीतून त्याने बायकोला आणि लहान मुलाला पातळ कागदाच्या तुकड्यांवर पत्रे लिहून बाहेर पाठवली होती, ती उरली आहेत. देह कुटुंबाला दिला नाही, कुठे पुरला तेही सांगितले नाही. त्याच दिवशी, त्याच शहरात, त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या मजल्यावर म्हणा किंवा दुसऱ्या खोलीत म्हणा, 'विन'चे काम जोरात चालू होते. अहवाल लिहिले जात होते. एका हाताने खरे 'विन' मारले जात होते आणि दुसऱ्या हाताने खोटे 'विन' जगवले जात होते. खोट्याची पत टिकावी म्हणून खऱ्यांचे बलिदानही उपयोगी पडत होते, कारण बाहेरच्यांना वाटे की इतके मारले तरी संघटना उभी आहे.

ही कल्पना पोलिश पोलिसांना सुचलेली नव्हती. १९२१ ते १९२६ या काळात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी 'ट्रस्ट' नावाची एक बनावट राजेशाहीवादी संघटना चालवली होती. सिडनी रायली हा नामांकित ब्रिटिश हेर तिच्याच भरवशावर १९२५ मध्ये रशियात शिरला आणि मारला गेला. आणि गंमत पाहा, त्या वेळी 'ट्रस्ट'ने ज्यांना फसवले त्यांत स्वतंत्र पोलंडचे लष्करी गुप्तवार्ता खातेही होते. म्हणजे धडा घरातलाच होता, वीस-पंचवीस वर्षे जुना. तरीही फसले.

का फसले, यावर पाश्चात्त्य लेखक बहुधा ब्रिटिश खात्यातल्या गद्दारांकडे बोट दाखवतात. मला ते पुरेसे वाटत नाही. पोलंडच्या बाबतीत लंडनमध्ये कोणी फितूर नसता तरी हेच झाले असते. परदेशात बसलेल्या माणसाची स्थिती डोळ्यांपुढे आणा. देश गेला, घर गेले, माणसे तुरुंगात. त्याच्याकडे उरलेली एकमेव पुंजी म्हणजे 'आत अजून आपले लोक आहेत' ही खात्री. याच खात्रीवर त्याला पैसे मिळतात, मान मिळतो, त्याचे बोलणे ऐकले जाते. या माणसाला कोणी म्हणाले की हे निरोप बनावट असतील, तर त्याला ती शंका नुसती माहितीबद्दलची वाटत नाही. आपल्या मेलेल्या साथीदारांचा अपमान वाटतो. दुसरीकडे अमेरिकन अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे आकडे ठेवायचे असतात. वॉर्सातला पोलीस या दोघांना हवे ते पुरवतो. निराश करणारी बातमी पाठवणारा एकटाच खरा माणूस या साखळीत असता, तर त्याचेच कोणी ऐकले नसते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये अमेरिकन विमानातून दोन पोलिश तरुण देशाच्या उत्तरेकडच्या कोशालिन भागात उतरले. खाली त्यांची वाट पाहणारे 'विन' म्हणजे पोलीसच. त्यानंतर ऊबेला हा खेळ पुढे नेण्याची गरज राहिली नाही. १९५२ च्या डिसेंबरच्या अखेरीस वॉर्सा रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी सगळे जाहीर केले. शेन्को आणि त्याचा एक साथीदार यांचे निवेदन प्रसिद्ध झाले, की आम्ही चूक ओळखून सरकारच्या स्वाधीन झालो आहोत. वेळ अशी निवडली होती की अमेरिकेत आयझेनहॉवर काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष होणार होते, आणि त्यांच्या प्रचारात पूर्व युरोपच्या मुक्तीची भाषा होती. त्या भाषेची जाहीर फजिती झाली. विमानातून उतरलेल्या दोघांना १९५३ मध्ये मृत्युदंड दिला गेला.

परदेशातल्या पोलिश लोकांत मग जे झाले ते वेगळे सांगायला नको. कोणी कोणाला पत्र लिहीना. कालपर्यंत ज्याच्या घरी जेवलो तो कोण होता, हा प्रश्न. माझ्या मते पोलिसांची खरी कमाई ती होती, डॉलर आणि वायरलेस दुय्यम. ज्याने पाच वर्षे खोट्या संघटनेवर विश्वास ठेवला, तो पुढच्या वीस वर्षांत खऱ्या संघटनेवर विश्वास ठेवायला कचरतो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे जंगलातले ते सगळे वीर आणि बाकीचे फितूर. इथे मला तुम्हाला थांबवायचे आहे. पोलंडमध्ये २०११ पासून १ मार्च हा दिवस 'शापित सैनिकां'चा स्मृतिदिन म्हणून पाळतात. तारीख अर्थात चेप्लीन्स्की आणि त्याच्या साथीदारांच्या मृत्यूची. पण त्या एका नावाखाली फार वेगवेगळी माणसे घातली गेली आहेत. रोमुआल्ड राइस, टोपणनाव 'बुरी', याच्या तुकडीने १९४६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येकडच्या खेड्यांमध्ये बेलारूसी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गावकऱ्यांना मारले, घरे पेटवली. मृतांत बायका होत्या, लहान मुले होती. पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००५ मध्ये चौकशीअंती ७९ मृत्यूंची नोंद केली. हे लोक कोणत्याही पोलिसाचे हस्तक नव्हते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते वेगळ्या भाषेचे, वेगळ्या चर्चचे होते आणि म्हणून ते कम्युनिस्टांचे असणार असे धरून चालले गेले. त्या गावांच्या जवळून आजही 'बुरी'चा जयजयकार करत मोर्चे निघाले आहेत. कम्युनिस्ट पोलिसांचा छळ खरा होता म्हणून या ७९ जणांचे मरण खोटे ठरत नाही. अल्पसंख्याक समाजातून आलेल्या माणसांना हे समजायला फार कष्ट पडू नयेत.

आणि फायलींचे काय? सुरक्षा मंत्रालयाचा एक वरिष्ठ अधिकारी, युझेफ श्वियात्वो, १९५३ च्या डिसेंबरमध्ये पश्चिम बर्लिनमध्ये पळून गेला. पुढच्या वर्षी त्याने रेडिओवरून खात्याच्या आतल्या गोष्टी सांगितल्या आणि १९५४ च्या अखेरीस ते मंत्रालयच मोडीत काढले गेले. पोलिसांचे काम मात्र दुसऱ्या नावाने चालू राहिले, कागद वाढतच गेले. कम्युनिस्ट सत्ता गेल्यावर हे कागद राष्ट्रीय स्मृती संस्थेकडे आले. २००५ च्या सुरुवातीला तिच्या वाचनालयातून एक नावांची यादी बाहेर फुटली. दीड लाखांहून अधिक नावे. त्यात पोलीस अधिकारी होते, खबरी होते, आणि ज्यांना खबरी करता येईल का असा नुसता विचार पोलिसांनी केला होता, असेही लोक होते. सगळे एकाच रांगेत, वर्णानुक्रमाने, कोण कोण आहे याची खूण नाही. लोकांनी शेजाऱ्यांची नावे शोधली. आपलीही शोधली असतील.

पोलिसांची फाईल खोटी असते असे मी म्हणत नाही. आज मी तुम्हाला जे सांगितले त्यातला मोठा भाग त्या फायलींमधूनच जगापुढे आला आहे. पण फाईल लिहिणाऱ्याला बढती हवी असते, खबऱ्या वाढवून दाखवायचे असतात. परदेशातला माचोवेक ज्या कारणाने वॉर्साचे अहवाल खरे मानत होता, त्याच कारणाने आज कोणी ऊबेचा अहवाल जसाच्या तसा खरा मानू लागला, तर तो दुसऱ्यांदा त्याच खात्याच्या हातात सापडला. दोन स्वतंत्र कागद जुळतात का, साक्षीदार काय म्हणतो, सही कधीची आहे, मारहाणीच्या आधीची की नंतरची, हे विचारल्याशिवाय कोणाच्या कपाळावर काही लिहू नये.

'विन'चा एक निरोप्या होता, आदाम बोरिच्का. युद्धात तो गृहसेनेत लढलेला. 'विन'च्या परदेशातल्या लोकांसाठी त्याने चोरवाटांनी सीमा ओलांडल्या, पोलिसांच्या खोट्या संघटनेशी त्याचा संबंध आला. १९५२ ला सगळे उघड झाल्यावरही, खरे कोणी उरले आहे का हे पाहायला तो १९५४ मध्ये पुन्हा पोलंडकडे निघाला आणि पकडला गेला. मृत्युदंड झाला, मग जन्मठेप झाली. तो १९६७ मध्ये सुटला.

फ्लामेच्या माणसांचा शोध अजून चालू आहे. २०१६ मध्ये स्तारी ग्रोद्कूव या गावाजवळ उत्खनन झाले तेव्हा हाडे सापडली. डोंगरातल्या गावांमधल्या नातलगांकडून नमुने घेऊन ती कोणाची ते प्रयोगशाळेत जुळवले जाते. काहींची नावे लागली, काहींची अजून लागायची आहेत.

माझे बोलणे इथे संपले. प्रश्न असतील तर विचारा.